पावसाच्या घरगुती नोंदी व उमापूरकडील इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आमच्या संग्राहकांच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, कैफियती व वंशावळी उभ्या राहतात. पंचांगाच्या समासांत कोणीं "आज पाऊस" एवढेंच लिहून ठेविलें असलें तर तिकडे कोणी वळून पाहत नाहीं. अशा नोंदींचें मोल काय व त्या वाचतांना फसगत कोठें होते, हें बीड जिल्ह्यांतील उमापूरच्या टापूपुरतें येथें दाखवावयाचें आहे.

उमापूर गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिणेस आहे. सह्याद्रीनें बहुतेक पाणी अडवून घेतल्यावर जें उरतें तें या मुलखाच्या वांट्यास येतें. याच तालुक्यांत गोदातीरीं राक्षसभुवन येथें ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राघोबादादा व माधवराव पेशवे यांनीं निजामअलीच्या फौजेचा मोड केला. निजाम नदी उतरून उत्तरतीरीं गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिणतीरीं मागें राहिला होता. मध्यें गोदेस पूर. दिवाण रणांत पडला, पण धन्यास पैलतीराहून कुमक धाडतां आली नाहीं.

त्या दिवशीं सूर्य आश्लेषा नक्षत्रीं होता हें गणितानें निघतें. तेव्हां गेवराईकडे आश्लेषांचा पाऊस जोराचा झाला, असें अनुमान करण्याचा मोह होतो. आमच्या मतें तें टिकत नाहीं. गोदेचा पूर मुख्यतः नाशिक-त्र्यंबकाकडील डोंगरांतल्या पाण्याचा. तिकडे धो धो कोसळत असतां इकडे कुणबी आभाळाकडे डोळे लावून बसला आहे, असें अनेकदां घडतें. (१९७६ सालीं पैठणचें जायकवाडी धरण पुरें झाल्यापासून तर पूर बऱ्याच अंशीं दरवाजांच्या हातीं गेला आहे.) पुराचा दाखला तो पावसाचा दाखला नव्हे. लढाईच्या दिवशीं उमापुरांत थेंब पडला कीं नाहीं, हें तेथल्याच एखाद्या परसांतील नोंदीवांचून कळावयाचें नाहीं.

अशी नोंद नेमानें ठेवणारा एक गृहस्थ दक्षिणेंत होऊन गेला, तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ सालीं एल्फिन्स्टननें त्यास मुंबई सरकारचा आंकडेवारीचा अधिकारी नेमिलें. १८२९ च्या डिसेंबरांत ती जागाच मोडली. साइक्सनें पलटणीच्या चाकरींतून मोकळीक मागून घेतली व १८३१ च्या जानेवारीपर्यंत काम तडीस नेलें. १८३५ सालीं रॉयल सोसायटीनें छापलेल्या त्याच्या निबंधांत दक्षिणेंतील हवेचीं निरीक्षणें आहेत. वायुभार दिवसांतून दोनदां चढतो व दोनदां उतरतो. आभाळ कसेंही असो, सकाळीं नऊ-दहाचा भार दुपारीं चार-पांचपर्यंत उतरल्यावांचून राहत नाहीं, असें त्यानें सांगितलें. वर्षानुवर्षें रोज नळीपाशीं उभा राहिल्यावांचून असें विधान करण्याची छाती कोणास होणार नाहीं. परंतु त्याचा प्रांत कंपनीच्या अंमलांतील. पुणें व अहमदनगर त्यांत, उमापूर मात्र मोगलाईंत. सरहद्दीशीं त्याची वही संपते.

म्हणून या बाजूस घरोघरचीं पंचांगें व खतावण्या यांवरच भिस्त. त्या वाचतांना दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली नक्षत्राची. मराठी दप्तरांतील शुहूर सन मृगाबरोबर बदलतो, म्हणूनच त्यास मृगसाल हें नांव. तेव्हां "मृगीं पाऊस" या दोन शब्दांतही काल सांपडतो. पण हल्लीं मृग ७-८ जूनला निघतो म्हणून पेशवाईंतही तो तेव्हांच निघे असें धरूं नये. निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून किंचित् मोठें असल्यामुळें ही तारीख सुमारें सत्तर वर्षांनीं एक दिवस पुढें सरकते. राक्षसभुवनच्या सालीं मृग जूनच्या तीन-चार तारखेस निघाला असला पाहिजे. "पाऊस पूर्वीं लवकर येई" असें म्हणणाऱ्यांनीं हे चार दिवस आधीं वजा करावे.

दुसरी गोष्ट दिवसाची. सोमवारीं रात्रीं दहाला सर आली असें समजा. पंचांगाचा वार सूर्योदयापासून, म्हणून तेथें ती सोमवारची. हिजरी चंद्र सूर्यास्तापासून, म्हणून तेथें मंगळवारची. आणि हवामानखात्याची नोंद सकाळीं साडेआठास संपणाऱ्या चोवीस तासांची, तेव्हां तेथेंही मंगळवारची. दोन कागद एका दिवसानें विसंगत दिसले कीं एक बनावट ठरविण्याची घाई आमच्यांतील कित्येक करतात. त्यांनीं आधीं घड्याळ पाहावें.

हा केवळ जुन्या कागदांचा प्रश्न नाहीं. उमापूर हें आज महसुली मंडळ आहे, आणि मंडळाच्या मापकांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर पाऊस भरला तर अतिवृष्टि मानून मदतीचा विचार होतो. ढग मात्र मापकाची जागा विचारून येत नाहीं. एका शिवारांत बांध फुटतात, शेजारीं धूळ उडते. ज्यानें अंगणांत सरळ कांठाचें भांडें मांडून रोज सकाळीं पाणी मोजलें व लिहिलें, त्याच्या म्हणण्यास निदान कांहीं आधार राहतो.

संग्राहकांस विनंति एवढीच, कीं जुनीं पंचांगें बांधावयास देतांना समास कापूं देऊं नयेत. बांधणारा कडा सारख्या करतो आणि नोंद सुरीखालीं जाते. गेवराई-शेवगांवकडील पंचांगें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांतील पाऊस, गारा व पेरण्यांच्या नोंदी गांवाच्या नांवासह जशाच्या तशा उतरून पाठवाव्या. शुद्धलेखन सुधारूं नये.