विषारी मालाचा ‘वारसा’ कसा झाला

मी भाषेचा शिक्षक. अर्थशास्त्राच्या वाटेला फारसा जात नाही. पण सरकारी कागदात एखादा शब्द गुपचूप बदलला की माझे कान टवकारतात. २००९ साली अमेरिकेत असा एक शब्द बदलला गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. अमेरिकेतल्या बँकांकडे घरकर्जांचे आणि त्या कर्जांवर बेतलेल्या रोख्यांचे ढीग पडून होते. भाव कोणी देईना. लोक या मालाला ‘विषारी’ म्हणू लागले. ३ ऑक्टोबरला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला, तो मुख्यतः हा माल विकत घेण्यासाठी. पण अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी लवकरच बेत बदलला आणि पैसा थेट बँकांच्या भांडवलात घातला. ढीग तिथेच राहिले.

ओबामांचे अर्थमंत्री टिमोथी गाइटनर यांनी २३ मार्च २००९ रोजी नवी योजना मांडली. सरकार आणि खासगी गुंतवणूकदार मिळून हा माल घेतील. सरकार ७५ ते १०० अब्ज डॉलर घालणार आणि त्या जोरावर ५०० अब्जांची, पुढे कदाचित १,००० अब्जांपर्यंतची खरेदी होणार. या कागदांत मालाचं नाव होतं ‘लेगसी’, म्हणजे वारसा. उर्दूत आम्ही विरासत म्हणतो. त्या शब्दाबरोबर आजोबांचं घड्याळ, गावाकडची जमीन असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. इथे चार-पाच वर्षांपूर्वी स्वतःच्याच हातांनी वाटलेली कर्जं जणू पूर्वजांनी मागे ठेवलेली झाली!

दुसरा शब्द होता भागीदारी. तिचा हिशेब अर्थखात्यानेच उदाहरण देऊन समजावला होता. बँकेकडे १०० डॉलरची कर्जं आहेत. लिलावात सर्वांत वरची बोली आली ८४ ची. त्यातले ७२ डॉलर कर्जाऊ उभे करायचे, आणि त्या कर्जाला हमी एफडीआयसीची, म्हणजे बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेची. उरलेल्या १२ पैकी ६ सरकारचे, ६ गुंतवणूकदाराचे.

आता पुढचं गणित आपण करू. कर्जं पूर्ण १०० ला वसूल झाली, तर ७२ फेडून २८ उरतात. (हमीचं शुल्क आणि व्याज बाजूला ठेवू.) गुंतवणूकदाराच्या ६ चे १४ झाले. पण वसुली ५० च झाली तर? तोटा ३४ चा. गुंतवणूकदाराचे ६ गेले, आणि तो कपडे झटकून मोकळा. उरलेले २८ सरकारच्या आणि एफडीआयसीच्या माथी. आमच्या बाजारात शिराकत म्हणजे नफ्यात वाटा तसा तोट्यातही वाटा. या व्यवहाराला शिराकत म्हणायला जीभ वळत नाही. पॉल क्रुगमन, जोसेफ स्टिग्लिट्झ, जेफ्री सॅक्स या अर्थतज्ज्ञांनी त्याच दिवसांत यावर जोरदार टीका केली. शेअर बाजार मात्र खूश. घोषणेच्या दिवशी डाऊ जोन्स जवळपास ५०० अंकांनी चढला.

गंमत अशी, की बँकाच माल विकायला तयार नव्हत्या. ज्या कर्जाची किंमत वहीत ९५ लिहिली आहे ते ८४ ला विकलं, तर ११ चा खड्डा सगळ्यांना दिसतो. वहीत दडवलेला तोटा तोवर तोटा नसतो. त्यात २ एप्रिलला हिशेबाचे नियम सैल झाले आणि पडेल भावाने नोंद करण्याची सक्ती कमी झाली. मे महिन्यात १९ मोठ्या बँकांची तपासणी जाहीर झाली, भीती ओसरली, बँकांना बाजारातूनच भांडवल मिळू लागलं. जूनमध्ये एफडीआयसीने कर्जखरेदीचा भाग पुढे ढकलला. वर मांडलेलं ८४ चं उदाहरण ज्यासाठी होतं, तो भाग ठरल्या रूपात कधी उभाच राहिला नाही.

रोख्यांचा भाग चालला, पण लहान प्रमाणावर. खासगी व्यवस्थापकांच्या हाती निधी दिले गेले, त्यांनी पडलेल्या भावात रोखे घेतले, भाव सावरले. सरकारचे पैसे परत आले, वर काही अब्ज डॉलर नफाही. हे टीकाकारांनीही मान्य करायला हवं, आणि मीही करतो. फक्त ज्या भागाला ते सर्वांत जास्त घाबरत होते, त्याची परीक्षा झालीच नाही.

आणि त्या कर्जांच्या दुसऱ्या टोकाला जी कुटुंबं होती? त्यांच्यासाठी गाइटनर यांच्याच खात्याची वेगळी योजना होती. ३० ते ४० लाख घरमालकांचे हप्ते कमी करून त्यांची घरं वाचवायची, असं तिचं उद्दिष्ट. ती या आकड्याच्या बरीच मागे राहिली. त्या घरांना कोणत्याही कागदात ‘वारसा’ म्हटलेलं माझ्या पाहण्यात नाही.