दाढेची कळ आणि कानांवरचा आवाज

पेडणे किंवा डिचोलीतील एखाद्या दंतचिकित्सालयाबाहेर नंबरची वाट पाहत बसलेल्या रुग्णाच्या कानी आतील यंत्राचा कर्कश आवाज पडतो आणि दाताला कोणी हातही लावलेला नसताना त्याचे खांदे आखडतात, तळहातांना घाम सुटतो. हा भित्रेपणा समजून हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः भय आणि नकोसा ध्वनी यांमुळे वेदना खरोखरच अधिक तीव्रतेने जाणवते.

हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे दात कोरण्याचे यंत्र १९५७ पासून प्रचारात आले. काम झटपट होऊ लागले, जुन्या यंत्राची थरथर कमी झाली. शिट्टीसारखा तीव्र स्वर मात्र रुग्णाच्या वाट्याला आला. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते. ते किती उघडावे, यावर मेंदूचाही ताबा चालतो. सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बदल झाले, मूळ विचार टिकला. धोक्याची चाहूल लागलेला मेंदू साध्या दाबालाही कळ समजू शकतो.

आवाजानेच वेदना दडपण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला. १९६० च्या सुमारास दंतवैद्य वॉलेस गार्डनर यांनी रुग्णांच्या कानांवर संगीत आणि धबधब्यासारखा घोष सोडला. तो लहानमोठा करण्याची कळ रुग्णाच्याच हाती होती. १९६३ मध्ये मेलझॅक व सहकाऱ्यांना बर्फाच्या पाण्यात हात ठेवून केलेल्या प्रयोगात दिसले, की नुसत्या आवाजाचा फारसा उपयोग होत नाही. त्याने वेदना कमी होईल असा भरवसा सोबत दिला, तरच सहनशक्ती वाढते.

भीतीची खरी किंमत चालढकलीत मोजावी लागते. दाढेत लवंग दाबायची, गोळी घ्यायची आणि गाल सुजल्यावरच बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय गाठायचे, हा क्रम अनेक घरांत परिचयाचा आहे. सुजलेल्या भागातील आम्लतेमुळे बधिरतेचे औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. साहजिकच उपचार अधिक दुखतो आणि मूळ भीती खरी ठरते! सुरुवातीलाच गेले असते, तर बहुधा लहानशा भरणीवर भागले असते.

म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वीच भीती वाटते हे डॉक्टरांना सांगावे. हात वर केल्यास काम थांबेल, एवढे ठरले तरी ताण उतरतो. दाब जाणवेल, कळ नव्हे, ही पूर्वकल्पनाही उपयोगी पडते. बधिरतेच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनॅलिन असते. त्याने छातीत थोडा वेळ धडधडल्यास ती आपलीच घाबरगुंडी आहे, असा समज होतो. हृदयविकार असल्यास मात्र तो आधीच सांगणे आवश्यक आहे. मुलांच्या बाबतीत तर ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा घरातला धाक पहिल्या भेटीपूर्वीच भीतीचे बी पेरून ठेवतो.