रत्नागिरीतील सात बेड्या
१/ सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. हिंदू समाजाच्या सात ‘स्वदेशी बेड्या’ त्यांनी सांगितल्या : वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी.

२/ भंडारी समाजातील दानशूर भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींना खुले झाले. सहभोजनांच्या पंगतींनी रोटीबंदीलाही धक्का दिला.

३/ परंतु देवळाचे दार एका दिवसात उघडते, घराण्याचे नाही. जात टिकते ती सोयरिकीच्या कुंपणाने.

४/ याच जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. त्यासाठी शास्त्रप्रामाण्यच नाकारावे लागेल, असेही बजावले.

५/ म्हणून कोणतीही सुधारणा अभ्यासताना विचारावे : ती कितव्या बेडीपाशी थांबली?