केडगावचे संजीवन
केडगावचे संजीवन ही पंडिता रमाबाई यांच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये सुरू झालेली ख्रिस्ती धर्मजागृती होय. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड) येथील या मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली व विधवा आश्रयास होत्या. सामूहिक प्रार्थना व पापकबुली यांनी आरंभ झाला. पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही नोंदवले गेले. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटच्या सभा १९०६ च्या, म्हणजे नंतरच्या. त्यामुळे पेंटेकॉस्टल चळवळ केवळ अमेरिकेतून पसरली, हे मत अपुरे ठरते. मिशनमधील मिनी एब्रम्स यांची पुस्तिका चिलीतील हूव्हर दांपत्यापर्यंत पोहोचली आणि १९०९ च्या संजीवनानंतर तेथील मेथडिस्टांमधून स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी निघाली. सँतियागोतील तिच्या जोताबेचे मंडळीच्या शाखा पुढे शहरभर पसरल्या. रमाबाईंनी मात्र वेगळा पंथ स्थापला नाही.