अर्ज शिक्षकाचा, कारण व्यापाराचे : जपानच्या ‘जेट’ कार्यक्रमाची जन्मकथा

१८४८ साली जपानमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज करण्याची सोय नव्हती. परकीयांना तेथे पाऊल ठेवण्याचीच बंदी होती. रॅनाल्ड मॅकडोनाल्ड या तरुणाने (वडील स्कॉटिश, आई चिनूक जमातीची) देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून एक लहान होडी घेतली, होक्काइदोच्या किनाऱ्यालगत ती मुद्दाम उलटवली आणि जहाज फुटल्याचा बहाणा केला. त्याला पकडून नागासाकीला नेण्यात आले. तेथे बंदिवासातच त्याने १४ दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. त्यांपैकी मोरियामा एइनोसुके हा पुढे कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषी होता.

जपानमधील इंग्रजीचा वर्ग आणि अमेरिकेशी असलेले राजकारण यांचे नाते इतके जुने आहे. या धाग्याचा विषय मात्र १९८७ सालचा आहे.

१९८० च्या दशकात जपानी मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी अमेरिकी बाजारपेठ व्यापली होती. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला, तरीही तक्रार मिटली नाही. जपान माल विकतो, पण स्वतःची दारे उघडत नाही, असा तिचा सूर होता. पंतप्रधान नाकासोने यांची रेगन यांच्याशी व्यक्तिगत मैत्री असली, तरी मैत्रीने व्यापारी तूट भरून निघत नाही.

अशा वेळी स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयातून एक कल्पना पुढे आली. वस्तूंची देवघेव करून हा तणाव निवळणार नसेल, तर माणसे बोलवावीत. तीही टोकियोत नव्हे, गावोगावी. इंग्रजीच्या अध्यापनात क्रांती घडवणे हा मूळ हेतू नव्हता, असे ही कल्पना मांडणाऱ्या अधिकाऱ्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. शिक्षण मंत्रालयाची अशीच एक छोटी योजना १९७७ पासून चालू होती. तीही या नव्या कार्यक्रमात विलीन झाली. १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. ‘जपान एक्स्चेंज अँड टीचिंग’ कार्यक्रम, म्हणजेच ‘जेट’, सुरू झाला.

हा इतिहास ठाऊक नसेल, तर जेटच्या अर्जाच्या अटी चमत्कारिक वाटतात. पदवी हवी, पण ती कोणत्याही विषयाची चालते. अध्यापनाचा परवाना अनिवार्य नाही. सहायक भाषाशिक्षकाला जपानी येण्याचीही सक्ती नाही. सुरुवातीच्या काळात वय मात्र ३५ च्या आत हवे होते. आपण का जाऊ इच्छितो यावर निबंध लिहायचा, शिफारसपत्रे जोडायची आणि मुलाखत द्यायची ती जपानी दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात. शिक्षकाची निवड परराष्ट्र खात्याच्या दारात होते, यातच सारे आले. नेमणुकीच्या ठिकाणाबद्दल पसंती कळवता येते, हमी नसते. क्योतोचे स्वप्न पाहणारा एखाद्या मासेमारीच्या गावात पोहोचतो.

वर्गातील वास्तव अधिक अवघड होते. जपानी शाळांतील इंग्रजी प्रवेशपरीक्षेसाठी, म्हणजे व्याकरण आणि भाषांतरासाठी, शिकवले जाई. बोलणाऱ्या इंग्रजीची तेथे निकड नव्हती. परिणामी, आपला उपयोग चालत्याबोलत्या टेपरेकॉर्डरसारखा होतो, अशी तक्रार कित्येक सहायक शिक्षक करत आले आहेत. माझ्या मते हा दोष त्या शिक्षकांचा नव्हता आणि मुख्य शिक्षकांचाही नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जेट जन्मला, तो प्रश्न मुळात शाळेचा नव्हताच.

२००२ मध्ये सहभागींची संख्या ६,२७३ वर पोहोचली. नंतर ती घटत गेली. २०१० मध्ये सरकारी खर्चाच्या जाहीर छाननीत जेटवरही प्रश्नचिन्ह लागले. या खर्चातून इंग्रजी किती सुधारले, असा सवाल होता.

पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ रोजी, त्सुनामी आली. तीत जेटचे दोन अमेरिकी शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी इशिनोमाकी येथील शिक्षिका २४ वर्षांची होती. भूकंपानंतर शाळेतील मुले पालकांच्या हाती सुखरूप सोपवून ती सायकलने घरी निघाली होती. तिच्या आईवडिलांनी त्या परिसरातील शाळांना इंग्रजी पुस्तके आणि ती ठेवण्यासाठी कपाटे दिली. ती कपाटे घडवणाऱ्या सुताराने त्याच लाटेत आपली तीन मुले गमावली होती.