पांजरपोळाच्या दारात सोडलेला बैल आणि १८३२ सालची मुंबई



आज पिकाचं काही नाही. गेल्या पंधरवड्यात आमचा सर्जा पांजरपोळात सोडून आलो, त्याबद्दल लिहितोय.

सतरा वर्षांचा बैल. दात झिजलेले, मागचा डावा पाय अधू. ट्रॅक्टर आल्यापासून मानेवर जू नाही. पण जनावर उभं आहे तोवर खाणारच. चारशे किलोच्या बैलाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे रोज आठ-दहा किलो वाळलेला चारा लागतो. वर्षाला तीन टनांच्या वर. यंदा आमचा कडबा दोन म्हशींनाच पुरेना. आण्णा म्हणाले, "व्यापाऱ्याच्या हातात देऊ नको, बाकी तुझं तू बघ."

पांजरपोळाच्या फाटकावरच्या माणसाने बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "दादा, संगं चारा आणलाय का?" नव्हता आणला. मान खाली घालून पावती घेतली. घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न, ही संस्था मुळात चालते कुणाच्या जिवावर? मग जुनं वाचायला बसलो.

पांजरपोळाची चाल मूळची गुजरातकडची, जैन-वैष्णव व्यापाऱ्यांची. १६२३ साली पिएत्रो देला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंभातला आला होता. तिथे जखमी आणि आजारी पाखरांचा दवाखाना बघून त्याने तो लिहून ठेवलाय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तिकडे मुक्या जिवांसाठी दवाखाने होते.

मुंबईतली गोष्ट मात्र दंग्यापासून सुरू होते. मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. बक्षिसापायी माणसं घरातली पाळीव कुत्रीही ओढून न्यायला लागली. जून १८३२ मध्ये फोर्टात पारशी लोक रस्त्यावर उतरले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मग हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद पडली, लष्कर बोलवावं लागलं.

यातून दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, बॉम्बे पांजरपोळ उभं राहिलं. पुढाकार जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांचा. एक पारशी, एक जैन. सरकार मारतंय तर आपण सांभाळू, असा सरळ हिशेब. भुलेश्वरच्या बाजूला जागा घेतली. कुत्र्यांपासून सुरुवात झाली आणि पुढे गाईबैलही आले.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे चाललं कशावर? नुसत्या देणगीवर नाही. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून कापसासारख्या मालाच्या सौद्यावर थोडी थोडी रक्कम बसवली. तिला 'लागा' म्हणायचे. सौदा झाला की लागा बाजूला पडायचा. कापूस पिकवला कुणी? शेतकऱ्याने. म्हणजे मुंबईच्या पांजरपोळात आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचाही वाटा होता, फक्त पावती त्यांच्या नावाने फाटली नाही.

पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धची संस्था निघाली. तिच्यासाठी दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचा दवाखाना दिला. तिथेच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आपल्या तालुक्याला येणाऱ्या डॉक्टरांच्या विद्येचं एक मूळ त्या दानात आहे.

पण सगळं गोडगोड नव्हतं. म्हातारं, आजारी, धट्टंकट्टं जनावर एकाच आवारात दाटीने ठेवलं की रोगाला रान मोकळं. तेव्हा बुळकांडी होती, आज लाळ्या-खुरकूत आणि लम्पी आहे. गांधीजींनीही पांजरपोळांच्या कारभारावर टीका केली होती. नुसतं जगवू नका, चांगली दुग्धशाळा चालवा आणि मेलेल्या जनावराचं कातडंही वाया घालवू नका, असं त्यांचं म्हणणं. वर्ध्याजवळ नालवाडीला तसं चर्मालय चाललंही. जमनालाल बजाजांनी शेवटचे महिने गोसेवेच्याच कामात घालवले.

छावणीची गोष्ट वेगळी. २०१२-१३ च्या दुष्काळात आपण कित्येकांनी दावणीची जनावरं छावणीत नेली. तिथे मालक जनावरापाशीच झोपायचा आणि पाऊस पडला की घरी घेऊन यायचा. पांजरपोळातून म्हातारा बैल परत येत नाही. शिवाय २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायदा बरा की वाईट यावर इथे भांडत नाही. पण बैल विकायची वाट बंद झाली आणि त्याच्या चाऱ्याचा लागा कुणीच बसवला नाही, हे खरं. मग रात्री फाटकाला जनावर बांधून पळणारे वाढतात. फाटकावरचा माणूस हे सांगताना चिडला नव्हता, थकला होता. मीही दिवसाढवळ्या गेलो एवढंच, चारा नेला नव्हता तो नव्हताच.

त्याच दिवशी तिथे एक तरुण शेतकरी हमीपत्रावर सही करून एक कालवड घरी नेत होता. विकणार नाही, टाकणार नाही, असं लिहून दिलं. मोकाट सापडलेली, आता त्याच्या दावणीला. असा दत्तक गेलेला एक जीव म्हणजे आतल्या म्हाताऱ्याला तेवढी जागा आणि चारा.

तर मंडळी, माझ्या चुकीवरून चार गोष्टी सांगतो. जनावर नेण्याआधी फोन करून जागा विचारा. लसीकरण उरकून, बिल्ला बघून न्या. नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवतात का ते विचारा, नसतील ठेवत तर तसं बोला. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

परवा पिकअपमध्ये कडब्याच्या दोनशे पेंढ्या घालून परत गेलो. सर्जा कडेला बसला होता. हाक मारली तर कान हलवले, उठला नाही. आता दर सुगीला मळणी झाली की पहिल्या पन्नास पेंढ्या तिकडे. घरात याला आम्ही लागाच म्हणतो. आण्णा काही बोलले नाहीत, पण मोजून बाजूला तेच ठेवतात.