हरित इमारत मानांकनातील बांधकामस्थळविषयक निकष : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

इमारतीचे मूल्यमापन करताना तिच्या भिंती, छत, वीजवापर आणि पाणीवापर यांचा विचार सहजपणे केला जातो. ती ज्या जमिनीवर उभी राहते त्या जमिनीचा विचार मात्र बहुधा खरेदीखत आणि मोजणीचा नकाशा यांपाशीच थांबतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयाला आलेल्या हरित इमारत मानांकन पद्धतींनी बांधकामस्थळासाठी स्वतंत्र निकष तयार करून हा क्रम बदलण्याचा प्रयत्न केला. हे निकष बारकाईने पाहिले असता त्यांतील काही थोडे अनिवार्य, तर बहुसंख्य ऐच्छिक असल्याचे आढळते. ही विभागणी कशाच्या आधारे झाली, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात अमेरिका आणि भारत येथील मानांकनांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्यात आला आहे.

निकषांमागील कायद्यांची पार्श्वभूमी :

स्थळविषयक निकषांची मुळे मानांकनापेक्षा जुनी आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशात धुळीच्या वादळांनी शेतजमिनीचा सुपीक थर उडून गेला. त्या अनुभवातून १९३५ मध्ये तेथे मृदसंधारणासाठी स्वतंत्र शासकीय विभाग स्थापन झाला. पुढे १९६८ मध्ये राष्ट्रीय पूर विमा योजना सुरू झाली आणि शंभर वर्षांच्या पुराची रेषा नकाशांवर आखण्याची पद्धत रूढ झाली. १९७२ चा जलप्रदूषणविषयक कायदा, १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती संरक्षण कायदा आणि विषारी कचऱ्याने दूषित झालेल्या जमिनींच्या शुद्धीकरणासाठी केलेला १९८० चा कायदा हे या वाटचालीतील पुढचे टप्पे होत.

याच काळात भूदृश्य वास्तुविशारद इयान मॅकहार्ग यांचा 'डिझाइन विथ नेचर' हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा उतार, माती, जलप्रवाह, वनस्पती आदी घटकांचे स्वतंत्र नकाशे तयार करून ते एकमेकांवर ठेवावेत आणि त्यावरून बांधकामास योग्य व अयोग्य जागा ठरवाव्यात, ही त्यांची पद्धत होती. इमारतीचा आराखडा करण्यापूर्वी जमिनीचे म्हणणे ऐकावे, असा या विचाराचा गाभा होता. म्हणजेच मानांकन अस्तित्वात येण्यापूर्वी कायद्याची चौकट आणि विचाराची दिशा, ही दोन्ही उपलब्ध होती.

मानांकनाचा उदय आणि गुणांची मांडणी :

ब्रिटनमध्ये १९९० साली 'ब्रीम' ही मूल्यांकन पद्धत सुरू झाली. अमेरिकेत १९९३ मध्ये ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना झाली आणि तिने १९९८ मध्ये 'लीड' ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात आणली. २००० साली तिची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. या आवृत्तीत एकूण ६९ गुण होते. त्यांपैकी १४ गुण 'शाश्वत स्थळ' या पहिल्याच विभागासाठी राखलेले होते. किमान २६ गुणांवर प्रमाणपत्र आणि ५२ गुणांपासून पुढे 'प्लॅटिनम' श्रेणी मिळत असे.

या १४ गुणांमध्ये जागेची निवड, दूषित जमिनीचा पुनर्वापर, सार्वजनिक वाहतुकीची जवळीक, मोकळ्या जागेचे जतन, पर्जन्यजलाचे व्यवस्थापन, उष्णता शोषणाऱ्या पृष्ठभागांवर नियंत्रण आणि रात्रीच्या अनावश्यक प्रकाशास आळा, असे विषय समाविष्ट होते. परंतु संपूर्ण विभागात पूर्वअट एकच होती : बांधकामाच्या काळात मातीची धूप होऊ नये आणि गाळ नाल्यात जाऊ नये. ही अट मोठ्या बांधकामस्थळांना तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पर्जन्यजलविषयक नियमांनुसार बहुतांशी आधीच पाळावी लागत होती. याउलट सुपीक शेतजमीन, पूरक्षेत्र, पाणथळ भूमीलगतची जागा किंवा संकटग्रस्त प्रजातींचा अधिवास टाळणे, या सर्व बाबी मिळून 'जागेची निवड' या ऐच्छिक निकषात एकत्र केल्या होत्या आणि त्यासाठी एकच गुण होता. सायकली ठेवण्याची आणि कपडे बदलण्याची सोय केल्यासही एकच गुण मिळत असे.

या मांडणीतून एक महत्त्वाचे सूत्र स्पष्ट होते. कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर जे बंधन आधीच घातले होते, ते मानांकनाने अनिवार्य केले. जेथे जमीनमालकाच्या निवडीचा प्रश्न होता, तेथे मानांकनाने गुणांचे आमिष दाखवले. सुपीक जमिनीची व्याख्या कृषी खात्याकडून आणि पूररेषा विमा योजनेच्या नकाशांतून घेतली गेली. मात्र ती जागा टाळण्याचे बंधन घेतले गेले नाही. स्वेच्छेने स्वीकारल्या जाणाऱ्या पद्धतीला बाजारपेठेत टिकून राहायचे होते, हे त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. तथापि त्याचा परिणाम असा झाला, की पूरक्षेत्रातील जागा निवडणारी इमारत तो एक गुण सोडून अन्यत्र गुण मिळवू शकत होती.

२००९ च्या आवृत्तीत स्थळविभागाचे गुण १०० पैकी २६ झाले. ही वाढ प्रामुख्याने सार्वजनिक वाहतूक आणि वस्तीची घनता यांमुळे झाली. 'जागेची निवड' या निकषाचा गुण एकच राहिला. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत स्थान व वाहतूक हा विभाग वेगळा काढण्यात आला आणि स्थळविभागाकडे १० गुण उरले.

भारतातील स्वीकार आणि रूपांतर :

भारतात उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना झाली. मुंबईचे उद्योगपती सोहराबजी गोदरेज यांच्या नावाने हैदराबाद येथे उभारलेल्या ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये 'लीड'ची प्लॅटिनम श्रेणी ५६ गुणांसह प्राप्त झाली. १४ जुलै २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी आखलेल्या या वर्तुळाकार इमारतीत अंगण, छतावरील हिरवळ, पाणी मुरू देणारी फरसबंदी आणि वनस्पतींच्या मुळांद्वारे सांडपाण्याचे शुद्धीकरण यांचा मेळ घालण्यात आला.

या यशाने मानांकनाला प्रतिष्ठा मिळाली, तरी अमेरिकन व्याख्या येथे जशाच्या तशा लागू पडणे कठीण होते. भारतीय परिस्थितीस अनुरूप अशी 'गृह' ही पद्धत टेरी या संस्थेने विकसित केली आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. तिच्या मूळ ३४ निकषांत सुरुवातीचेच निकष जमिनीशी संबंधित होते. मातीचा वरचा थर खरवडून बाजूला साठवणे व नंतर वापरणे, असलेली झाडे वाचवणे आणि फरसबंदी कमी करणे यांवर त्यांत भर होता. बांधकाम मजुरांसाठी स्वच्छता व सुरक्षिततेच्या किमान सोयी अनिवार्य करण्यात आल्या, ही तिची विशेष देणगी होय. बांधकामस्थळ म्हणजे केवळ माती आणि पाणी नव्हे, तर तेथे राबणारी माणसेही होत, ही जाणीव त्यातून व्यक्त झाली.

महाराष्ट्राचा संदर्भ :

महाराष्ट्रातही कायदा मानांकनाच्या पुढे होता. नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. किनारा नियमन क्षेत्राची केंद्रीय अधिसूचना १९९१ ची आहे. मुंबईत १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण २००२ मध्येच सक्तीचे झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था मात्र ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. प्रत्येक भूखंडावरून बाहेर पडणारे पाणी हा केवळ त्या मालकाचा प्रश्न नसून उताराच्या खालच्या बाजूस राहणाऱ्यांच्या जीविताचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हरित मानांकनाला प्रत्यक्ष लाभाशी जोडले. 'गृह'चे तीन, चार अथवा पाच तारे किंवा इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची समकक्ष श्रेणी मिळवणाऱ्या इमारतींना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के वाढीव क्षेत्राचे प्रोत्साहन त्यात ठेवण्यात आले. येथे एक अंतर्विरोध उद्भवतो. जमिनीवरील भार कमी केल्याचे पारितोषिक त्याच जमिनीवरील अधिक बांधकामाच्या रूपाने मिळते. जोपर्यंत मानांकन हे केवळ स्वेच्छेचे भूषण होते, तोपर्यंत गुणांची अदलाबदल खपून जात होती. सार्वजनिक नियमावलीतून लाभ मिळू लागल्यावर मात्र कोणत्या गुणांच्या बळावर तो लाभ मिळाला, हा प्रश्न सार्वजनिक हिताचा ठरतो.

समारोप :

अलीकडील घडामोडींतून या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सूचित होते. अमेरिकेतील भूदृश्य वास्तुविशारदांच्या संघटनेच्या सहभागातून विकसित झालेल्या 'साइट्स' या स्वतंत्र स्थळ मानांकनाने २०१४ च्या आवृत्तीत शेतजमीन, पूरक्षेत्र, जलीय परिसंस्था आणि संकटग्रस्त प्रजातींचा अधिवास यांचे संरक्षण पूर्वअटींमध्ये समाविष्ट केले. चौदा वर्षांपूर्वी ज्या बाबींना मिळून एकच ऐच्छिक गुण होता, त्या येथे प्रवेशाच्या अटी झाल्या. २०२५ मध्ये आलेल्या 'लीड'च्या पाचव्या आवृत्तीनेही स्थळाची किमान मोडतोड ही पूर्वअट म्हणून स्वीकारली आहे.

वीज अधिक वापरणारी इमारत पुढे सुधारता येते, पाण्याचे नळ बदलता येतात. परंतु बुजवलेला ओढा आणि वाहून गेलेली माती इमारतीच्या आयुष्यात परत मिळवता येत नाही. म्हणून भरून काढता येण्याजोग्या हानीसाठी गुण आणि भरून न येणाऱ्या हानीसाठी पूर्वअट, असा भेद करणे न्याय्य ठरेल. वाढीव चटई क्षेत्राचा लाभ देताना राज्यातील नियमावलीने हा भेद स्वीकारल्यास स्थळविषयक निकषांना त्यांचा मूळ अर्थ पुन्हा प्राप्त होईल.